शिकार परवान्यावर, बंदूक हक्कावर

थँक्सगिव्हिंगनंतरच्या (म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) शनिवारी, सूर्योदयाला अर्धा तास असताना, पेनसिल्व्हेनियात हरणांचा रायफल हंगाम उघडतो. त्याच्या पाच मिनिटं आधी गोळी झाडली तर गुन्हा. अंगावर केशरी रंग कमी पडला तर गुन्हा. पाडलेल्या जनावराच्या कानाला चिठ्ठी न बांधता ते जागचं हलवलं, तरी गुन्हा. आणि हे सगळे नियम निमूट पाळणाऱ्या त्याच माणसाच्या घरी कपाटात एआर-१५ जातीची अर्धस्वयंचलित, म्हणजे चाप ओढेल तशी एकेक गोळी सोडत जाणारी रायफल असू शकते. ती घेण्यासाठी त्याला कुठलाही शस्त्रपरवाना काढावा लागलेला नसतो. फक्त ती घेऊन त्याला हरणामागे जाता येत नाही, कारण या राज्यात हरणाच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही.

भारतातून बघणाऱ्याला हे सगळं उफराटं वाटतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक नाही. दोन्हीकडे मूळ उत्तर 'नाही', परवानगी हा अपवाद. अमेरिकेत मात्र ही दोन खाती वेगवेगळी आहेत. शिकार ही राज्याने दिलेली, अटींनी जखडलेली परवानगी आहे. बंदूक बाळगणं हा राज्यघटनेने मान्य केलेला हक्क आहे. (विस्कॉन्सिनने २००३ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२४ मध्ये शिकारीचा हक्कही आपापल्या राज्यघटनेत घातला, पण हंगाम आणि परवाने तिथेही आहेतच.) तिथल्या बंदुकीच्या वादात जो गोंधळ दिसतो, त्यातला बराचसा ही दोन खाती एकमेकांत मिसळल्यामुळे होतो.

हरीण कुणाचं?

आधी शिकारीचं खातं. जंगलातलं हरीण जमीनमालकाचं नसतं. ते राज्यातल्या सगळ्या लोकांचं, आणि राज्य त्याचं विश्वस्त, असा तिथला कायदा आहे. ही समजूत पडझडीतून आली. १९०० च्या सुमारास जंगलतोड आणि बाजारासाठी होणारी बेसुमार शिकार यांमुळे पेनसिल्व्हेनियात हरीण दिसणं दुर्मीळ झालं होतं. १८९५ मध्ये राज्याचं गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यजीव सांभाळणारं खातं, स्थापन झालं. बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली. १९०७ मध्ये मादी मारायला बंदी आली. जंगली हरणाचं मांस विकणं बंद झालं, आणि ती बंदी आजही आहे. शिकारी ते घरी खाऊ शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, गरजूंना दान करू शकतो, विकू मात्र शकत नाही. माझ्या मते या एका नियमाने जेवढी हरणं वाचवली तेवढी दुसऱ्या कशानेही वाचवली नसतील. मांसाला भाव राहिला नाही की टोळ्याही राहत नाहीत.

मग काटा दुसऱ्या टोकाला गेला. हरणं इतकी वाढली की ओक आणि मेपलची रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत खाऊन टाकू लागली. त्यामुळे जंगल म्हातारं होत गेलं, खाली नवीन झाड येईना. आज राज्यात दर हंगामात चार लाखांहून जास्त हरणं मारली जातात आणि त्यांत माद्या निम्म्याहून अधिक असतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण कारण साधं आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो. दहातले पाच नर मारले तरी पुढच्या वर्षीची पाडसं तेवढीच जन्मतात. संख्या आवरायची तर मादीच कमी करावी लागते. म्हणून मादीचा परवाना वेगळा निघतो, तोही विभागवार मोजून. ज्या विभागात हरणं जास्त तिथे परवाने जास्त, जिथे कमी तिथे कमी.

हंगाम असा का लावलेला असतो

पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा माजाचा काळ पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबरच्या मध्यावर टिपेला पोचतो. मादी साधारण दोनशे दिवस गाभण राहते आणि मेअखेर ते जूनमध्ये विते. सगळं वेळापत्रक याभोवती गुंफलेलं आहे.

सुरुवात धनुष्यबाणाने, ऑक्टोबरच्या आसपास, काही विभागांत सप्टेंबरातच. हा हंगाम माजाच्या काळातूनही चालतो. त्या दिवसांत नर बेभान असतो, भर दुपारी उघड्यावर येतो, तेव्हा रायफल दिली तर नरांचा फडशा पडेल. बाणासाठी वीस-तीस यार्डांपर्यंत जवळ जावं लागतं, म्हणून तेव्हा बाण चालतो. रायफल येते ती थँक्सगिव्हिंगनंतर, दोन आठवडे, जेव्हा बहुतेक माद्या गाभण राहिलेल्या असतात. २०१९ पूर्वी ती सोमवारी सुरू व्हायची आणि त्या सोमवारी राज्यातल्या बऱ्याच शाळांना सुट्टी असायची. रविवारी शिकार करायला तर पिढ्यान्‌पिढ्या बंदी होती. २०२० पासून मोजके रविवार खुले झाले आणि २०२५ मध्ये कायद्यातून ती बंदीच उठली.

नाताळानंतर येतो या राज्याचा खास हंगाम, चकमकीच्या बंदुकीचा. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची. घोडा पडला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी नळीच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या छिद्राशी ठेवलेल्या दारूवर पडते आणि मग बार होतो. ठिणगी आणि बार यांच्यात क्षणभराचं अंतर असतं, त्या क्षणात हात हलला की नेम गेला. बर्फाची भुरभुर कानाच्या दारूत गेली तर बार होतच नाही. म्हणून अनुभवी लोक चकमकीच्या कळीवर चामड्याचं झाकण बांधतात आणि तासातासाने ती दारू बदलतात. १९७४ पासून हा हंगाम चालू आहे.

कागद, चिठ्ठी, केशरी रंग

परवान्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून. राज्यातल्या प्रौढ रहिवाशाला मूळ परवाना सुमारे २१ डॉलरला पडतो, बाहेरच्याला १०२ च्या आसपास. धनुष्यबाणाची परवानगी वेगळी, मादीची वेगळी. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला शिकार-शिक्षणाचा वर्ग पुरा करावा लागतो. वयाच्या अकराव्या वर्षापासून तो करता येतो आणि बाराव्या वर्षी परवाना मिळू शकतो.

नर कुठलाही मारता येत नाही. २००२ पासून बहुतेक भागांत एका बाजूच्या शिंगाला किमान तीन फाटे हवेत. त्याआधी दीड वर्षाचे नर पहिल्याच हंगामात संपायचे, मोठा नर जंगलात राहतच नव्हता. या नियमाला सुरुवातीला कडवा विरोध झाला. आज तो काढा म्हणणारे फार कमी सापडतील. चूक होते ती घाईत. झुडपामागे शिंग दिसलं, फाटे मोजले नाहीत, चाप ओढला. फांदीला फाटा समजणं ही नेहमीची गफलत आहे. डोकं हलू द्यावं. जे शिंगाबरोबर हलतं तेच शिंग.

रायफल हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत केशरी रंग चारही बाजूंनी दिसायला हवा. टोपी आणि जाकीट घातलं की भागतं. हरणाला केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्याला तो गवताच्याच छटेत मिसळलेला वाटतो. त्यामुळे लपण्यात काही कमी पडत नाही आणि दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र माणूस लांबून ओळखू येतो. वस्ती असलेल्या इमारतीपासून १५० यार्डांच्या आत, तिथे राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय बंदूक चालवता येत नाही. गाडीत भरलेली रायफल ठेवता येत नाही. हाका घालून शिकार करता येते, पण एका हाक्यात पंचविसांवर माणसं नकोत.

हरीण पडलं की ते हलवण्याआधी चिठ्ठीवर तारीख, वेळ, ठिकाण लिहून ती कानाला बांधायची आणि दहा दिवसांत कमिशनला कळवायचं. थंडीत बोटं आखडलेली असतात, पेनमधली शाई गोठते. खिशात पेन्सिल आणि दोरीचा तुकडा ठेवणारा माणूस अनुभवी समजावा.

रायफल, नेम, माग

पेनसिल्व्हेनियातल्या दाट जंगलात बहुतेक गोळ्या शंभर यार्डांच्या आत झाडल्या जातात. त्यासाठी .३०-३०, .३०८, .२७० किंवा .३०-०६ यांतलं कुठलंही काडतूस पुरतं. प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढायची बोल्ट, लिव्हर किंवा पंप रायफल मात्र हवी. भांडवल रायफलपेक्षा नेम जुळवण्यात घालावं, आणि ते काम हंगामाच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी करावं.

पद्धत अशी. आधी २५ यार्डांवर कागद लावा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा आणि तीन गोळ्या झाडा. दुर्बिणीच्या गोल बटणाची एक टिकटिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवते. २५ यार्डांवर तीच टिकटिक त्याच्या चौथा भाग सरकवते, म्हणजे एका इंचाला सोळा टिकटिका. गोळ्या दोन इंच डावीकडे लागल्या तर उजवीकडे बत्तीस. मधोमध आल्यावर १०० यार्डांवर जा. .३०-०६ मध्ये १५० ग्रेन वजनाची गोळी तिथे दीड ते दोन इंच वर लागेल असं ठेवलं, तर २०० यार्डांवर ती साधारण नेमावरच पडते आणि मधल्या अंतराला हिशेब करावा लागत नाही. तीन गोळ्यांनंतर नळी थंड होऊ द्या. तापलेली नळी खोटं बोलते, आणि जंगलातली पहिली गोळी नेहमी थंड नळीतूनच निघते.

बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. दुर्बिणीच्या पट्ट्यांचे स्क्रू ढिले होतात. नेम १५० ग्रेनवर जुळवला आणि दुकानात ती संपली म्हणून १८० ग्रेनची पेटी उचलली, तर गोळी काही इंच दुसरीकडे जाते. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना माणूस डोळे मिटतो. हे पकडायचं तर जोडीदाराला सांगावं, की मला न कळवता मधूनच रिकामं काडतूस भर. रिकाम्या काडतुसावर नळी खाली गेली तर दोष रायफलचा नाही.

नेम धरायचा तो पुढच्या पायाच्या मागे, पोटाच्या रेषेपासून अंगाच्या एक तृतीयांश उंचीवर, जनावर आडवं किंवा किंचित पाठमोरं असताना. तिथे फुप्फुसं आणि हृदय असतं. तोंड आपल्याकडे असेल तर थांबावं. टेकडीच्या धारेवर, मागे फक्त आकाश असताना गोळी कधीच नाही. ती दोन-तीन मैल जाऊ शकते, आणि तिकडे कुणाचं तरी घर असतं.

गोळी लागल्यावर धावू नये, शिकाऱ्याची खरी परीक्षा इथेच असते. हरीण जिथे उभं होतं ती जागा झाडाच्या खुणेने पक्की करावी आणि अर्धा तास थांबावं. मग रक्त पाहावं. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, जनावर शंभर-दोनशे यार्डांतच मिळतं. काळपट तांबडं असेल तर यकृत, तीन-चार तास थांबावं. हिरवट, उग्र वासाचं असेल तर आतडं, आणि मग सहा-आठ तास मागे जाऊच नये. लगेच मागे गेलात तर ते जखमी जनावर उठून मैलभर जातं आणि कुठेतरी तडफडून मरतं. प्रत्येक थेंबाजवळ कागदाचा तुकडा ठेवत गेलं की मागे वळून पाहिल्यावर दिशेची रेघ दिसते.

मचाणावरून पडून होणाऱ्या दुखापती गोळीच्या अपघातांपेक्षा जास्त असतात. अंगभर पट्टा जमिनीवरून पाय उचलल्यापासून बांधलेला हवा. रायफल रिकामी करून दोरीने मागाहून वर ओढावी.

मांस खराब होतं ते उष्णतेने. आतडी लगेच काढावीत, पोकळी काठीने उघडी ठेवावी आणि मांस चार अंश सेल्सिअसखाली आणावं. डिसेंबरात हवाच ते करते, पण ऑक्टोबरात बर्फाच्या पिशव्या लागतात. मध्यम हरणातून हाडाविना वीसेक किलो मांस निघतं. शिशाची गोळी फुटून तिचे कण जखमेपासून बरेच दूर उडतात, म्हणून जखमेभोवतीचा भाग सढळ हाताने कापून टाकावा किंवा तांब्याची गोळी वापरावी. २०१२ पासून राज्यात हरणांचा मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी हा रोग आहे. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण शिजवूनही त्याचं मूळ नष्ट होत नाही. म्हणून रोगग्रस्त भागातून डोकं आणि कणा बाहेर नेता येत नाही. त्या भागातल्या हरणाचं मांस तपासणी होईपर्यंत खाऊ नये.

आता बंदुकीचं खातं

१७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दल बोलते. तिच्यात शिकारीचा शब्दही नाही. हा हक्क फक्त नागरी सेनेपुरता की प्रत्येक व्यक्तीचा, यावर दीर्घकाळ वाद होता. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा ठरवला, आणि त्याच्या गाभ्याशी घरातलं स्वसंरक्षण ठेवलं. त्याच निकालात गुन्हेगारांवरची बंदी किंवा शाळांसारख्या ठिकाणी बंदुकीला मनाई असे जुने निर्बंध वैध मानले. २०१० च्या मॅकडोनाल्ड खटल्याने हे राज्यांना लागू झालं. २०२२ च्या ब्रुएन खटल्याने निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळायला हवेत अशी कसोटी लावली. २०२४ च्या रहिमी खटल्यात घरगुती हिंसाचाराचा मनाई हुकूम असलेल्याकडून बंदूक काढून घेता येते हे न्यायालयाने मान्य केलं. म्हणजे हक्क आहे, पण तो बिनकाठाचा नाही.

दुकानातून रायफल घ्यायला वय १८ हवं, पिस्तुलाला २१. ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पेनसिल्व्हेनियात राज्य पोलीस पार्श्वभूमी तपासतात आणि मंजुरी आली की बंदूक हातात. दोन खासगी माणसांत पिस्तुलाची विक्री झाली तर या राज्यात तपासणी लागते, साध्या रायफलीला लागत नाही. ही फट बुजवावी की नाही, हा खरा वाद आहे.

शिकारी यात एका बाजूला नाहीत. एक वर्ग म्हणतो, माझ्या बोल्ट रायफलीला कुणी हात लावत नाही, मोठ्या मॅगझिनच्या बंदुकांवर मर्यादा आली तर माझं काही जात नाही. दुसरा वर्ग म्हणतो, हक्क शिकारीसाठी नव्हताच, त्यामुळे 'हरणासाठी इतक्या गोळ्या कशाला' हा प्रश्नच चुकीचा आहे. हा दुसरा आवाज किती तीव्र आहे ते २००७ मध्ये दिसलं. शिकारीवर लिहिणारे नामांकित लेखक जिम झंबो यांनी एआर रायफलींना जंगलात जागा नाही, त्या दहशतवाद्यांच्या रायफली आहेत, असं लिहिलं. काही दिवसांतच त्यांचं मासिकातलं पद आणि दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम गेला, माफी मागूनही.

मला दुसऱ्या वर्गाचं म्हणणं कायद्याच्या अंगाने बरोबर वाटतं. दुसरी घटनादुरुस्ती हरणावर अवलंबून नाही. पण पहिल्या वर्गाच्या अनुभवाला जी किंमत आहे ती तिथल्या वादात कुणी देत नाही. शिकार-शिक्षणाचा वर्ग, वयाची अट, फाट्यांची मोजणी, केशरी जाकीट, दहा दिवसांत कळवणं, हे सगळं शिकारी स्वीकारतो, कारण प्रत्येक नियमामागचं कारण त्याला जंगलात डोळ्यांनी दिसतं. विरोध होतो तो नोंदवहीच्या भीतीने. १९८६ च्या कायद्याने केंद्राला बंदूकमालकांची यादी करायला मनाई आहे, आणि ही मनाई राहील याची खात्री दिलीत तर खासगी विक्रीतल्या तपासणीला कितीतरी शिकारी तयार असतात. पार्श्वभूमी तपासणी त्यांनी स्वतः दुकानातून घेतलेल्या प्रत्येक रायफलीच्या वेळी दिलेलीच असते. प्रत्येक रायफलीच्या आणि काडतुसांच्या पेटीच्या किमतीत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा ११ टक्के कर असतो, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. एआर घेणारा माणूस कधी जंगलात पाऊल न टाकताही हरणांच्या कुरणाचे पैसे भरत असतो. तिथल्या वन्यजीव खात्यांना हे चांगलंच ठाऊक आहे.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी

फिलाडेल्फिया-पिट्सबर्गकडे नोकरीला असलेल्या मराठी माणसांना दोन्ही खाती एका जागी भिडतात. ग्रीन कार्डधारकाला बंदूक घेता येते. पण एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. विकत घेणं तर सोडाच, मित्राची रायफल नेमबाजीच्या मैदानावर हातात घेणंही त्यात येऊ शकतं. या बंदीला मोजके अपवाद आहेत. त्यांतला सामान्य माणसाच्या कामी येणारा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना.

म्हणून शिकार करायची नसली तरी काही जण वर्ग पुरा करून परवाना काढतात. कायदा तेवढंच मागतो, पण एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. परवाना ३० जूनला संपतो. नवा घेतला नाही तर १ जुलैच्या सकाळी कपाटातली तीच रायफल, तीच काडतुसं, केंद्रीय गुन्हा ठरतात, आणि त्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्हिसाची मुदतवाढ अडकलेली असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं, मगच बंदुकीला हात लावावा. आणि कॅलेंडरवर खूण ३० जूनला नको, १५ जूनला करावी.